स्मार्ट प्लग लावायचाच असेल तर आधी गीझरला

स्मार्ट होमच्या जाहिरातीत नेहमी दिवाच दिसतो. कोणीतरी सोफ्यावर बसून मोबाइलला काहीतरी सांगतं, दिवाणखाना निळा होतो, मग गुलाबी होतो आणि खाली ओळ येते की वीजबिलात बचत. दिसायला छान आहे. पण घरात विजेचे पैसे खरोखर कुठे जातात हे पाहिलं, तर दिवा त्या यादीत जवळजवळ तळाशी सापडतो.

नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला सव्वा युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. त्याच्या जागी स्मार्ट बल्ब लावला आणि त्यामुळे रोज एक तास कमी जळला असं धरू. महिन्याला पाव युनिट वाचलं. मात्र स्मार्ट बल्ब बंद दिसत असतानाही वाय-फायवर कान लावून बसलेला असतो आणि त्यासाठी अर्ध्या वॅटच्या आसपास वीज घेतो. उरलेल्या वीस तासांत ती मिळून महिन्याला जवळजवळ तेवढीच होते. म्हणजे हाती शून्य, आणि बल्बचे पाचशे-सहाशे रुपये वेगळे. हौस म्हणून जरूर घ्या, पण बचतीच्या नावाखाली नको.

स्मार्ट उपकरणांनी पैसे वाचतच नाहीत असं मात्र नाही. ते कुठे वाचतात, किती वाचतात आणि कुठे त्याच पैशांत साधं उपकरण जास्त काम करतं, हे आकड्यांनिशी बघू. उदाहरण महावितरणचं कनेक्शन असलेल्या महाराष्ट्रातल्या साध्या दोन-तीन खोल्यांच्या घराचं घेतलं आहे. मुंबईत अदानी, टाटा किंवा बेस्टचे ग्राहक असाल तर दर वेगळे, गणित तेच.

आधी बिल वाचू

एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचं उपकरण तासभर चालवल्यावर लागणारी वीज. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. तीस वॅटचा पंखा साधारण तेहतीस तास फिरला की एक युनिट. पुढचं सगळं गणित एवढ्यावरच उभं आहे.

आपल्याकडे घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. पहिल्या 100 युनिटांना एक दर, 101 ते 300 ला दुसरा, 301 ते 500 ला तिसरा आणि त्यावर चौथा. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या घरात जातो. त्यावर प्रत्येक युनिटामागे वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचा खर्च) आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. हे सगळं धरलं तर पहिल्या टप्प्यातलं युनिट अंदाजे सात रुपयांना पडतं, दुसऱ्यातलं बारा-तेरा रुपयांना आणि तिसऱ्यातलं सोळा-अठरा रुपयांना. दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे नेमका आकडा स्वतःच्या ताज्या बिलावरच बघावा.

एक गैरसमज इथेच दूर करू. 300 ओलांडून 301 वं युनिट वापरलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याची उलटी बाजू आपल्या फायद्याची आहे: तुम्ही वीज वाचवता तेव्हा ती सगळ्यात महाग टप्प्यातून वजा होते. मे महिन्यात 380 युनिट जाळणाऱ्या घराने 40 युनिट वाचवले, तर ते सोळा-अठरा रुपयांचे वाचतात. 90 युनिटांत भागवणाऱ्या घराने तेच 40 वाचवले तर सात रुपयांचे. म्हणून ज्या घरात एसी नाही आणि बिल 100 युनिटांच्या आत येतं, तिथे स्मार्ट उपकरणांची किंमत वसूल व्हायला वर्षं लागतील. अशा घरांनी हा लेख इथेच सोडून दिला तरी काही बिघडत नाही. हवं तर पंख्यांचा भाग तेवढा वाचा.

स्थिर आकार मात्र काहीही केलं तरी कमी होत नाही. घर महिनाभर बंद असलं तरी तो लागतोच.

फुकटात मोजणी

कुठलंही उपकरण विकत घेण्याआधी करण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. तुमच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ 3200 किंवा 1600 असा एखादा आकडा आणि पुढे ‘इम्प प्रति केडब्ल्यूएच’ छापलेलं असतं. अर्थ सरळ आहे: दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

रात्री झोपण्याआधी घरातले दिवे, पंखे, टीव्ही बंद करा. फ्रीजचं बटणही दहा मिनिटांपुरतं बंद करा. आता मीटरपाशी उभं राहून पाच मिनिटं लुकलुक मोजा. 3200 च्या मीटरवर मिनिटाला सरासरी तीनदा लुकलुकलं, तर घर ‘बंद’ असतानाही छप्पन वॅट खातंय. छप्पन वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते चोवीस तास, तीस दिवस चालतात. महिन्याचे चाळीस युनिट होतात. (परत येऊन फ्रीज चालू करायला विसरू नका, नाहीतर दुधाचं दही होईल.)

हे चाळीस युनिट कोण खातं? सेट टॉप बॉक्स हा पहिला संशयित. रिमोटने बंद केला तरी कित्येक बॉक्स दहा वॅटच्या आसपास वीज घेत राहतात, म्हणजे महिन्याला सात युनिट. त्यानंतर वाय-फायचा राउटर. मग इन्व्हर्टर, जो बॅटरी पूर्ण भरली तरी थोडं थोडं घेतच राहतो. मायक्रोवेव्हवरचं घड्याळ, बोर्डात कायम अडकवलेले चार्जर, आरओ, संगणकाचे स्पीकर. एकेक मामुली, पण एकत्र मिळून रात्रंदिवस चालणारे.

यातलं काय बंद करण्याजोगं आहे ते घराघरावर अवलंबून. टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि स्पीकर एका एक्स्टेंशन बोर्डावर घेऊन त्याला स्मार्ट प्लग, म्हणजे सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारा आणि मोबाइलवरून किंवा ठरवलेल्या वेळी चालू-बंद होणारा प्लग, लावता येतो: रात्री साडेअकराला बंद, संध्याकाळी सहाला चालू. काम होतं. पण भिंतीवरचं बटण हाताने बंद केलं तरी तेच काम होतं आणि ते बटण आधीपासूनच तुमच्या मालकीचं आहे. प्लगची किंमत तुम्ही रोज विसरता म्हणून द्यायची. विसरत नसाल तर द्यायचं कारण नाही.

आणखी एक हिशेब. प्रत्येक स्मार्ट प्लग, स्मार्ट स्विच, स्मार्ट स्पीकर स्वतःही वीज घेतो. प्लग आणि स्विच साधारण अर्धा ते एक वॅट, स्पीकर त्याहून जास्त. घरात अशी दहा उपकरणं बसवली आणि प्रत्येकी एक वॅट धरला, तर महिन्याला सात युनिट झाले. म्हणजे एका सेट टॉप बॉक्सची बचत करायला दुसरा अदृश्य सेट टॉप बॉक्स घरात आणला. म्हणून अशी उपकरणं थोडकी आणि योग्य जागीच असावीत.

गीझर

आता खऱ्या पैशांकडे येऊ. घरात जे यंत्र काहीतरी तापवतं किंवा थंड करतं, ते वीज खातं. बाकी सगळं चिल्लर. तापवणाऱ्यांत गीझर पहिला.

पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पंचावन्न अंशांपर्यंत तापवायला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, यात कुठलंही ॲप काही करू शकत नाही. गार पाणी मिसळून केलेल्या चार माणसांच्या चार बादल्या अंघोळीला महिन्याला पस्तीस-चाळीस युनिट जाणारच. ज्या कंपन्या गीझरचं बिल निम्मं करण्याचं आश्वासन देतात त्यांना हा आकडा दाखवावा.

वाचण्याजोगी वीज वेगळी आहे. टाकीतलं पाणी तापून तयार असतं आणि कोणी वापरत नसतं, तेव्हा ते हळूहळू निवतं. निवलं की थर्मोस्टॅट पुन्हा कॉइल चालू करतो. तापलं की बंद करतो. पुन्हा निवतं. सकाळी सहाला लावलेला गीझर रात्री झोपताना लक्षात आला, असं ज्या घरात होतं तिथे ही निव्वळ हवेत गेलेली उष्णता दिवसाला साधारण अर्ध्या युनिटाच्या घरात असते. जुन्या, आवरणाचा थर निकामी झालेल्या टाकीत त्याहून जास्त. महिन्याला बारा ते पंधरा युनिट. दुसऱ्या टप्प्याच्या दराने दीडशे ते पावणेदोनशे रुपये.

‘सारखा चालू-बंद केला तर गीझर जास्त वीज खातो, त्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा’ असं घरोघरी ऐकू येतं. हे चूक आहे. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता ही आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी जितका वेळ कडक गरम ठेवाल तितकी गळती जास्त. निवू दिलंत तर गळतीही मंदावते. पुन्हा तापवायला लागणारी वीज ही मधल्या काळात गळलेल्या उष्णतेएवढीच असते, कधीही त्याहून जास्त नाही.

त्यामुळे स्मार्ट प्लगची पहिली जागा गीझर. पहाटे साडेपाचला चालू, साडेसातला बंद, आणि हाताने केव्हाही चालू केला तरी अर्ध्या तासाने आपोआप बंद. शेवटची सोय ॲपमध्ये ‘काउंटडाउन’ किंवा ‘ऑटो ऑफ’ अशा नावाने असते आणि खरी बचत तिच्यातच आहे. वेळापत्रक पाहुणे आले की मोडतं. अर्ध्या तासाची मर्यादा कधी मोडत नाही.

घेताना प्लग 16 अँपिअरचा, म्हणजे मोठ्या तीन पिनांचाच घ्यायचा. दोन-तीन हजार वॅटच्या गीझरला 6 किंवा 10 अँपिअरचा छोटा प्लग लावला तर तो तापून वितळतो आणि आग लागू शकते. यात पैसे वाचवायला जाऊ नका. बाथरूममध्ये पाणी उडेल अशा जागी तर कुठलाच प्लग नको. तिथे वायरमनला सांगून बाहेरच्या बोर्डाच्या आत बसणारं स्मार्ट मॉड्यूल लावून घ्यावं. अशा मॉड्यूलना फेजबरोबर न्यूट्रलचीही वायर लागते. आपल्याकडे स्विचबोर्डातच प्लगचा सॉकेट असतो, म्हणून न्यूट्रल बहुधा आत आलेली असते. पण ‘बहुधा’वर विसंबू नये, बोर्ड उघडून आधी बघावं.

आणि प्लग वीज मोजणारा घ्या. शे-दोनशे रुपये जास्त पडतील, पण गीझर नेमके किती युनिट घेतो हे पहिल्याच आठवड्यात कळेल. मग तोच प्लग काही दिवस फ्रीजला लावा, नंतर वॉशिंग मशीनला. फ्रीजला फक्त मोजणीसाठी लावायचा, वेळापत्रक चुकूनही नाही. दारावरच्या लेबलवर वर्षाचे अडीचशे युनिट लिहिलेले असताना प्लग महिन्याला पन्नास दाखवत असेल, तर बहुतेक दाराचं रबर गेलं आहे किंवा फ्रीज भिंतीला चिकटून उभा आहे. असं काही सापडलं की प्लगची किंमत तिथेच वसूल झाली.

एसी: रिमोटमध्ये काय काय आहे ते आधी बघा

दीड टनाचा इन्व्हर्टर एसी उन्हाळ्यात रात्री आठ तास चालला तर सहा-सात युनिट सहज जातात. महिन्याला दोनशेच्या आसपास. ज्या घराचं बिल मार्चमध्ये दीडशे युनिटांचं होतं ते मेमध्ये साडेतीनशेवर का जातं, याचं उत्तर हेच. आणि ही वाढ थेट महाग टप्प्यात बसते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं असं की एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच 1 जानेवारी 2020 पासून भारतात विकले जाणारे स्टार-लेबलचे रूम एसी चालू करताच 24 अंशांवरच सुरू होतात. 24 चे 26 केले आणि पंखा मंद ठेवला तर अंगाला फार फरक जाणवत नाही, पण महिन्याला वीस-पंचवीस युनिट सुटतात. पहाटे पाचला एसी बंद झाला तर आणखी पंचवीस-तीस. दोन्ही मिळून पन्नास युनिट, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या दराने धरले तरी सहाशेहून जास्त रुपये, एका महिन्यात. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही एका उपकरणातून महिन्याकाठी एवढी रक्कम सहसा सुटत नाही.

आता गंमत बघा. हे सगळं करायला बहुतेक एसींच्या रिमोटवर ‘स्लीप’ आणि ‘टायमर’ ही बटणं आधीपासून आहेत. कोणी दाबत नाही, एवढंच. स्लीप दाबलं की एसी दर तासाला थोडं थोडं तापमान आपणहून वाढवतो. टायमरने पहाटे बंद होतो. म्हणून आज रात्री रिमोट हातात घेऊन ती बटणं शोधा. महिनाभर ती नियमित दाबली गेली, तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

दाबली गेली नाहीत तर इन्फ्रारेड ब्लास्टर घ्यावा. ही हजार-दीड हजाराच्या आसपास मिळणारी छोटी डबी असते. ती तुमच्या रिमोटची नक्कल करते, त्यामुळे दहा वर्षं जुना एसीही मोबाइलवरून आणि वेळापत्रकाने चालतो. तिला सांगून ठेवायचं: रात्री एकला 26, तीनला 27, पाचला बंद. मुलांच्या खोलीत दुपारी एसी चालू राहतो ही तक्रार असेल, तर खोलीच्या दाराला छोटा सेन्सर लावून ‘दार दहा मिनिटं उघडं राहिलं की एसी बंद’ असा नियमही घालता येतो. एका उन्हाळ्यात पैसे वसूल होतात. एसीला स्मार्ट प्लग मात्र लावू नये. चालत्या एसीची वीज एकदम तोडणं कॉम्प्रेसरला मानवत नाही. रिमोटने बंद केल्यावर तो आपल्या क्रमाने थांबतो.

पंखा: स्मार्ट नसलेला, पण सगळ्यात शहाणा खर्च

साधा जुना छताचा पंखा पूर्ण वेगात पंचाहत्तर वॅटच्या आसपास घेतो. बीएलडीसी (कमी विजेवर फिरणाऱ्या, ब्रश नसलेल्या) मोटरचा पंखा तेवढाच वारा तीस वॅटच्या आसपास देतो. फरक पंचेचाळीस वॅटचा. दिवसाला पंधरा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, आणि आपल्याकडे पंखे वर्षातले नऊ-दहा महिने फिरतात. तीन पंखे बदलले तर साठ युनिट. किंमत अडीच-तीन हजारांपासून पुढे. एकदम तिन्ही बदलायची गरज नाही. जो सगळ्यात जास्त फिरतो, बहुतेक घरांत तो हॉलमधला, तिथून सुरुवात करावी.

यात स्मार्ट असं काही नाही, एक रिमोट येतो एवढंच. वाय-फायवाला नमुना घेतला तर पाचशे-हजार जास्त पडतात आणि वीज तेवढीच वाचते. जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकावा लागतो, कारण या पंख्यांचा वेग आतल्या इलेक्ट्रॉनिक्सने बदलतो.

माझं स्पष्ट मत असं की पाच हजार रुपये खर्चायचे असतील, तर त्यातून एक बीएलडीसी पंखा आणि गीझरसाठी मोजणी करणारा एक प्लग यावा. उरलेल्यातून लेकरांना आइस्क्रीम द्यावं, बल्ब नको.

दुपारची स्वस्त वीज

महावितरण सध्या घरोघरी जुनी मीटर काढून नवी स्मार्ट मीटर बसवतंय. बिलावर आणि बोलण्यात त्यांना ‘टीओडी मीटर’ म्हणतात, म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळी किती वीज वापरली हेही मोजणारं मीटर. त्यावरून भरपूर वाद झाले. प्रीपेडच्या भीतीने आंदोलनं झाली आणि घरगुती ग्राहकांना बिल पूर्वीसारखं महिन्यानंतरच येतं. मीटर ‘स्मार्ट’ असलं तरी ते आपण होऊन एक युनिटही वाचवत नाही. फक्त मोजतं. नव्या मीटरनंतर बिल वाढल्याची शंका असेल, तर वर सांगितलेली लुकलुक मोजून ती निम्मी-अधिक मिटते. तरीही शंका राहिली तर मीटर तपासणीचा अर्ज करता येतो.

या मीटरचा खरा उपयोग दरात आहे. 1 जुलै 2025 पासून अशी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत वापरलेल्या विजेवर सवलत आहे. सुरुवात युनिटामागे 80 पैशांनी, आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने 1 रुपयापर्यंत न्यायची असं ठरलं आहे. कारण उघड आहे. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते आणि संध्याकाळी सगळी घरं एकदम दिवे, पंखे, एसी लावतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. दुपारी वापर वाढला तर संध्याकाळची महाग वीज कमी घ्यावी लागते.

मग दुपारी काय ढकलता येईल? वॉशिंग मशीनला ‘डिले स्टार्ट’ असतं: सकाळी कपडे भरून ठेवायचे, अकराला सुरू. घरघंटी असेल तर दळण दुपारी. इस्त्री, पाण्याची मोटर, इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग, सगळं नऊ ते पाचमध्ये. नोकरीला जाणाऱ्या घरात ही कामं रात्री होतात, तिथे वेळापत्रक खरंच उपयोगी पडतं. स्कूटरच्या चार्जरला मोठा स्मार्ट प्लग लावून दुपारची वेळ देता येते, अर्थात स्कूटर दुपारी घरीच उभी असेल तर. वॉशिंग मशीनला प्लग लावून उपयोग नाही. वीज आली तरी तिचं बटण दाबावंच लागतं.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. महिन्याला साठ युनिट दुपारी सरकवले तर अठ्ठेचाळीस रुपये आणि त्यावरचा कर, एवढंच. त्यासाठी दोन हजारांची खरेदी करणं म्हणजे वेडेपणा. सवय बदलून होत असेल तर करावं.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांचं गणित इथे पूर्ण वेगळं आहे. ब्रिटनमध्ये दर अर्ध्या तासाला बदलणारे दर घेता येतात आणि वारा जोरात असला तर कधी दर शून्याखालीही जातो. तिथे रात्री गाडी चार्ज करणारं वेळापत्रक मोठी रक्कम वाचवतं. अमेरिकेत बहुधा सगळं घर एकाच यंत्रणेने तापतं किंवा थंड होतं, म्हणून तिचं तापमान ठरवणारा भिंतीवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट हे एकच उपकरण बिलावर मोठा परिणाम करू शकतं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले त्या घरांसाठी लिहिलेले असतात. ते वाचून कोथरूडच्या किंवा संभाजीनगरच्या फ्लॅटसाठी खरेदी केली की फसगत ठरलेली.

सोसायटीचा कॉमन मीटर

फ्लॅटवाल्यांनी आपलं घर सोडून एक नजर सोसायटीच्या कॉमन मीटरवरही टाकावी. सात मजल्यांच्या इमारतीत मजल्यागणिक दोन, वीस वॅटच्या चौदा ट्यूब रात्रभर जळतात. महिन्याला शंभर युनिट. जिन्यात माणूस दिसला तरच पूर्ण उजळणारे सेन्सर लावले तर यातला मोठा भाग सुटतो. एकेक सेन्सर काही शे रुपयांचा, त्याला ना ॲप लागतं ना वाय-फाय.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याच्या मोटरची. वॉचमन मोटर लावून झोपतो, गच्चीवरची टाकी भरून वाहते, आणि खालचा कोणीतरी ओरडेपर्यंत वाहतच राहते. पाच अश्वशक्तीची मोटर रोज वीस मिनिटं फुकट चालली तर महिन्याला पंचेचाळीस युनिटांच्या आसपास वीज आणि टँकरच्या दिवसांत त्याहून महाग असलेलं पाणी जातं. टाकीत पातळी ओळखणारा सेन्सर आणि मोटरला स्वयंचलित स्टार्टर, एवढ्याने हे थांबतं. हा स्मार्टपणा स्मार्टफोनच्या कितीतरी आधीपासून बाजारात आहे. पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय घ्यावा.

घेण्याआधी दुकानदाराला काय विचाराल

लाइट जाऊन परत आली की उपकरण कुठल्या अवस्थेत सुरू होतं, हा पहिला प्रश्न. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत आणि उपनगरांत हे रोज घडतं. काही प्लग वीज आली की आपोआप ‘चालू’ होतात. घरात कोणी नसताना गीझर किंवा मोटर अशी सुरू झाली तर बचत राहिली बाजूला. सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर बंद’ हा पर्याय असलाच पाहिजे, आणि घरी आणल्यावर मेन स्विच पाडून तो एकदा तपासलाही पाहिजे.

दुसरा प्रश्न इंटरनेटचा. बरीच स्वस्त उपकरणं आपला हुकूम आधी कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरला पाठवतात, तिथून तो परत घरातल्या प्लगला येतो. सर्व्हर बंद तर सोय बंद. हे कल्पनेतलं नाही. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व’ नावाचं 300 डॉलरचं घर चालवणारं यंत्र 2016 मध्ये कंपनीनेच सर्व्हर बंद करून निरुपयोगी केलं. 2022 मध्ये ‘इन्स्टिऑन’ या स्मार्ट होम कंपनीचे सर्व्हर एका दिवशी अचानक गप्प झाले आणि ग्राहकांना आधी कळवलंही नाही. घरातल्या घरात चालणारी, ‘मॅटर’ या 2022 साली आलेल्या सामाईक मानकाची उपकरणं मिळाली तर ती निवडावीत, म्हणजे एका कंपनीवर सगळं अवलंबून राहत नाही. आणखी एक बारीक बाब: यांतली बहुतेक उपकरणं वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच चालतात. नवा राउटर फक्त 5 वर ठेवलेला असेल तर ती जोडलीच जाणार नाहीत आणि दुकानदाराशी उगाच भांडण होईल.

तिसरा प्रश्न घरातल्यांचा. ॲप एकाच्याच मोबाइलवर असलं आणि तो ऑफिसात असला, तर आजींनी गीझर कसा लावायचा? प्रत्येक उपकरणाला हाताने दाबायचं बटण हवं आणि ते त्यांच्या हाताला पोचेल अशा उंचीवर हवं. ज्या घरात हे पाहिलं जात नाही तिथे पंधरवड्यात कोणीतरी तो प्लग उपटून कपाटात टाकतं आणि गीझर पुन्हा पूर्वीसारखा दिवसभर चालू राहतो. बसवल्यावर एकदा राउटर बंद करून बघा: बटण दाबून सगळं चालतंय का? चालत नसेल तर परत करायची मुदत संपायच्या आत ते दुकानात द्यावं.